वातानाबे यांची फाईल

जपानी चित्रपट म्हटला की आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांपुढे प्रथम तलवार उभी राहते. त्याला कारणही तसेच आहे. १९५१ साली व्हेनिसच्या महोत्सवात अकिरा कुरोसावा यांच्या ‘राशोमोन’ला सर्वोच्च पारितोषिक मिळाले, पाठोपाठ केंजी मिझोगुची यांचे ऐतिहासिक चित्रपट युरोपात गाजले, १९५४ साली ‘सात सामुराई’ आला, आणि जगाने जपानची जी प्रतिमा मनाशी धरली ती भग्न वेशीची, मुसळधार पावसाची, धुक्यातल्या सरोवराची आणि म्यानातून उपसलेल्या पात्याची. ही प्रतिमा खोटी नव्हे. परंतु त्याच वर्षांत, त्याच स्टुडिओंतून आणि पुष्कळदा त्याच नटांना घेऊन जपानी दिग्दर्शक आणखी एक माणूस रंगवीत होते. त्याच्या कमरेला तलवार नाही. खिशात शिक्का आहे. तो सकाळची गाडी पकडतो, कागदांच्या ढिगाआड बसतो, वरिष्ठांपुढे लवतो, निवृत्तिवेतनाचा हिशेब मनातल्या मनात करतो आणि बदलीच्या हुकुमाची धास्ती बाळगतो. नोकरीनिमित्त परप्रांतांत आयुष्य काढणाऱ्या वाचकाला हा माणूस सामुरायापेक्षा अधिक जवळचा वाटेल यात संशय नाही.

आपल्याकडे कारकून वाङ्मयात आला तो बहुशः विनोदाचा विषय म्हणून, नाही तर कीव करण्याजोगा प्राणी म्हणून. त्याच्या हातून काही महत्त्वाचे घडू शकते, किंवा न घडल्याने काही मोलाचे नष्ट होते, असे गांभीर्य त्याच्या वाट्याला क्वचितच आले. युद्धोत्तर जपानी चित्रपटाने हे गांभीर्य त्याला दिले. शोकांतिकेचा नायक होण्याची योग्यता एका विभागप्रमुखाच्या अंगी असू शकते, हे त्या चित्रपटांनी गृहीत धरले. ते कितपत साधले आणि कोठे हुकले, हे पाहण्यासाठी प्रामुख्याने एकाच चित्रपटाचा विचार मी येथे करणार आहे. तो म्हणजे कुरोसावा यांचा १९५२ सालचा ‘इकिरू’. ‘जगणे’ असा त्या क्रियापदाचा साधा अर्थ.

या चित्रपटाच्या काळाविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. १९४५च्या पराभवानंतर अमेरिकेच्या अधिपत्याखालील लष्करी सत्तेने जपानचे सैन्य मोडून टाकले, मोठ्या उद्योगघराण्यांवर हत्यार उपसले, १९४७ साली गृहमंत्रालयही बरखास्त केले. परंतु दैनंदिन कारभार मात्र जपानी सरकारी यंत्रणेमार्फतच चालविला. सम्राटाचे देवत्व गेले, सेनापती गेले, कचेरी राहिली. चित्रपटांवरही त्या काळी परकीय देखरेख होती आणि सरंजामी निष्ठेचा गौरव करणाऱ्या कथांना मज्जाव होता. कुरोसावा यांनी १९४५ सालीच पुरा केलेला एक ऐतिहासिक चित्रपट १९५२ पर्यंत पडद्यावर येऊ शकला नाही. एप्रिल १९५२ मध्ये परकीय अंमल संपला. ‘इकिरू’ त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात प्रदर्शित झाला. स्वतःच्या घराची किल्ली पुन्हा हाती आल्यावर पहिल्या काही महिन्यांत या दिग्दर्शकाने जे दार उघडून पाहिले ते नगर कचेरीचे होते, ही गोष्ट मला अर्थपूर्ण वाटते.

पडद्यावर पहिल्यांदा दिसते ते एका जठराचे क्ष-किरण छायाचित्र. निवेदक कोरड्या स्वरात सांगतो की हे आपल्या नायकाचे जठर. त्यात कर्करोग आहे, पण नायकाला अजून त्याचा पत्ता नाही. मग नायक दिसतो. कांजी वातानाबे, नागरिक विभागाचे प्रमुख. तीस वर्षांच्या सेवेत त्यांनी एक दिवसही रजा घेतलेली नाही. समोरच्या गठ्ठ्यातून कागद उचलायचा, शिक्का मारायचा, दुसऱ्या गठ्ठ्यावर ठेवायचा, अधूनमधून घड्याळ पाहायचे. निवेदक निष्ठुरपणे म्हणतो की हा गृहस्थ गेली वीसएक वर्षे जिवंत नाहीच. याच प्रसंगात एक लहानसा तपशील आहे, तो सहज निसटून जातो. शिक्का पुसण्यासाठी वातानाबे खणातून एक जुने बाड काढतात आणि त्याचे एक पान फाडतात. ते बाड म्हणजे कचेरीची कार्यक्षमता कशी वाढवावी याविषयी त्यांनीच तरुणपणी लिहिलेली योजना असते. या एका फाडलेल्या पानात तीस वर्षांचा सेवावृत्तान्त आला. यावर कुरोसावा एक अक्षर बोलत नाहीत.

याच सुमारास कुरोए नावाच्या वस्तीतील बायका कचेरीत येतात. त्यांच्या घरांमागे घाण पाण्याचे डबके आहे, मुले आजारी पडतात. ते बुजवून तेथे मुलांसाठी बाग करावी, एवढेच मागणे. नागरिक विभाग त्यांना बांधकाम खात्याकडे पाठवितो, बांधकाम खाते उद्यान विभागाकडे, तेथून आरोग्य, मलनिस्सारण, रस्ते, नगररचना, शिक्षण, अग्निशमन, नगरसेवक आणि उपमहापौर अशी यात्रा करून त्या बायका पुन्हा पहिल्या खिडकीशी येऊन उभ्या राहतात. प्रत्येक खिडकीतला माणूस सभ्य आहे. कुणी ओरडत नाही, कुणी लाच मागत नाही. प्रत्येकाचे उत्तर नियमाला धरूनच असते. ‘योग्य त्या कार्यवाहीसाठी’ असा शेरा मारून ज्यांनी आयुष्यात एकदा तरी टपाल पुढे सरकविले आहे, त्यांना हा प्रसंग पाहताना हसू येईल. पण ते हसू फार वेळ टिकत नाही.

पुढची कथा पुष्कळांना ठाऊक असेल. दवाखान्याच्या प्रतीक्षागृहात शेजारचा रुग्ण वातानाबे यांना सांगतो की डॉक्टर अमुक शब्दांत ‘किरकोळ व्रण’ म्हणाले, वाटेल ते खा म्हणाले, तर समजावे की कर्करोग आहे. थोड्याच वेळात डॉक्टर नेमके तेच शब्द उच्चारतात. घरी येऊन वातानाबे अंधारात बसून राहतात. त्यांना न पाहता आत आलेला मुलगा आणि सून त्यांच्या निवृत्तीच्या रकमेचे बेत बोलत असतात. एक लेखक त्यांना टोकियोच्या रात्रीची सैर घडवून आणतो. मद्यगृह, नृत्यगृह, नवी टोपी. आणि मग पियानोच्या साथीवर ते आपल्या तरुणपणीचे एक जुने गाणे इतक्या खोल, हलणाऱ्या आवाजात म्हणू लागतात की भोवतालची जोडपी दूर सरतात. (हा रात्रीचा भाग लांबला आहे असे माझे मत आहे. त्या लेखकाच्या तोंडचे तत्त्वज्ञान कुरोसावा यांना वाटले तितके खोल नाही.) नंतर त्यांच्याच विभागातील टोयो नावाची एक मुलगी राजीनाम्यावर शिक्का मागण्यासाठी येते. कचेरीत तिला गुदमरायला होते. तिने साऱ्या सहकाऱ्यांना टोपणनावे ठेवली आहेत, आणि साहेबांचे नाव आहे ‘ममी’. तिच्या ओसंडणाऱ्या जिवंतपणाचे रहस्य काय, हे म्हातारा काकुळतीने विचारतो. तिला कसले रहस्य माहीत असणार! ती कारखान्यात खेळण्यातले ससे बनविते, एवढेच. तुम्हीही काहीतरी बनवा की, असे ती सुचविते. काही क्षणांनी वातानाबे तो ससा हातात घेऊन धावत जिना उतरतात. वरच्या मजल्यावर दुसऱ्याच कुणाचा वाढदिवस साजरा होत असतो आणि त्या मुलामुलींचे अभिनंदनाचे गाणे त्यांच्या पाठीवर पडते.

येथपर्यंतच्या कथेवरून ‘इकिरू’ हा लालफितीविरुद्धचा चित्रपट आहे असा सर्वसाधारण समज झालेला आहे, आणि तो मला अर्धवट वाटतो. वातानाबे जिना उतरून कोठे जातात? संन्यास घेत नाहीत, प्रवासाला निघत नाहीत, मुलाशी समेटही करीत नाहीत. ते कचेरीत जातात. गठ्ठ्यातून कुरोए वस्तीचा अर्ज शोधून काढतात, त्यावर लावलेली ‘बांधकाम खात्याकडे’ ही चिठ्ठी काढून टाकतात, आपल्या विभागाने पुढाकार घेतल्याखेरीज हे व्हायचे नाही असे सांगून भर पावसात जागेची पाहणी करायला निघतात. बाग होते ती त्याच खात्यांमधून, त्याच शिक्क्यांनी. त्यांनी एकही नियम मोडलेला नाही, वर्तमानपत्रांत ओरड केलेली नाही, कुणाची गुप्त गोष्ट उघड केलेली नाही. ते फक्त प्रत्येक टेबलापुढे जाऊन उभे राहिले आणि हलले नाहीत. उद्यान विभागात ते बसून राहतात. उपमहापौरांनी नकार दिल्यावर मान खाली घालूनच पुनर्विचाराची विनंती करतात. त्या जागेवर डोळा असलेले गुंड धमकी देतात तेव्हा नुसते त्यांच्याकडे पाहतात. इतका अपमान होऊनही राग कसा येत नाही, असे एक सहकारी विचारतो; त्यावर, रागवायला आपल्याला वेळ नाही, असे त्यांचे उत्तर आहे. हे सारे गुण बंडखोराचे नव्हेत. चिकाटी, लीनता, कागदाचा माग सोडायचा नाही ही सवय, मान वाकवून वाट पाहण्याची शक्ती हे चांगल्या कारकुनाचे गुण आहेत. तीस वर्षांच्या कचेरीने जे त्यांच्यात मुरविले त्याच भांडवलावर त्यांनी ती बाग उभी केली. टोयोला ती करता आली नसती. लेखकाला तर नाहीच नाही. फाईल म्हणजे निर्जीव वस्तू असे कुरोसावा यांना म्हणायचे असते, तर त्यांनी आपल्या नायकाचे सार्थक एका फाईलीत केले नसते.

मात्र हे सारे आपल्याला सरळ दिसत नाही, आणि येथे या चित्रपटाची खरी धिटाई आहे. वातानाबे पावसात बाहेर पडतात आणि लगेच निवेदक सांगतो की पाच महिन्यांनी आपला नायक मरण पावला. दोन तास तेवीस मिनिटांच्या चित्रपटाचा जवळजवळ एकतृतीयांश भाग अजून उरलेला असतो. तो सगळा त्यांच्या मृत्यूनंतरच्या जागरणात, एका खोलीत, मद्याचे पेले घेऊन बसलेल्या सहकाऱ्यांच्या बोलण्यात जातो. फुलांमध्ये ठेवलेल्या तसबिरीतून वातानाबे पाहत असतात आणि बाग कुणी केली याची चर्चा चाललेली असते. पत्रकार उपमहापौरांना विचारतात. उपमहापौर समजावून सांगतात की नागरिक विभागाकडे उद्यानाचे काम नसतेच. तेव्हा एका विभागप्रमुखाने बाग केली असे म्हणणे म्हणजे प्रशासनाविषयीचे अज्ञान होय. खोलीतले सारे माना डोलावतात. तेवढ्यात कुरोएच्या बायका येतात, तसबिरीपुढे बसतात, उदबत्ती लावतात, रडतात आणि निघून जातात. कुणालाही काही न सांगता. उपमहापौरांना बसवेनासे होते.

उपमहापौरांचे म्हणणे पूर्ण खोटे नाही, याची नोंद सरकारी वाचकाने तरी घेतली पाहिजे. पैसा एका खात्याने मंजूर केला, जमीन दुसऱ्याने दिली, काम तिसऱ्याने केले. मोठ्या यंत्रणेत घडलेल्या कोणत्याही चांगल्या गोष्टीचा कर्ता दाखविता येत नाही. वाईट गोष्टीचाही येत नाही. ‘राशोमोन’मध्ये एका खुनाच्या चार हकीकती होत्या आणि सत्य कोणते ते कळत नव्हते. त्या चित्रपटाचे पटकथाकार शिनोबू हाशिमोतो ‘इकिरू’च्या लेखनातही कुरोसावा आणि हिदेओ ओगुनी यांच्यासह होतेच, त्यात लाकूडतोड्याचे काम करणारे ताकाशी शिमुराच येथे वातानाबे झाले आहेत. येथे तीच युक्ती एका सत्कृत्यासाठी वापरली आहे. प्रत्येक कारकुनाला एक तुकडा आठवतो, तुकडे हळूहळू जुळतात, आणि नशेत का होईना, सर्वांना कळून चुकते की या माणसाला आपला मृत्यू ठाऊक होता. मग गहिवर येतो, प्रतिज्ञा होतात. दुसऱ्या दिवशी कचेरीत नवे विभागप्रमुख आलेला अर्ज शांतपणे बांधकाम खात्याकडे पाठवितात. किमुरा नावाचा एक तरुण ताडकन उभा राहतो. सारे त्याच्याकडे पाहतात. तो खाली बसतो, आणि कागदांच्या ढिगाआड त्याचा चेहरा दिसेनासा होतो.

टॉलस्टॉयच्या ‘इव्हान इलिचचा मृत्यू’ या कथेपासून या चित्रपटाला स्फूर्ती मिळाली हे सर्वश्रुत आहे. पण इव्हान इलिच मरता मरता आत वळतो आणि प्रकाश पाहतो. वातानाबे बाहेर वळतात आणि डबके पाहतात. हा फरक थोडाथोडका नाही. २०२२ साली काझुओ इशिगुरो यांनी हीच कथा १९५३च्या लंडनमध्ये नेली आणि ऑलिव्हर हर्मानस यांनी तिचा ‘लिव्हिंग’ हा इंग्रजी चित्रपट केला. तो सुरेख आहे, जरा अधिकच सुरेख आहे. इंग्रजी साहेब मरणातही टापटीप ठेवतो; शिमुरांचे वातानाबे केविलवाणे दिसण्याला भीत नाहीत. त्यांचे डोळे बाहेर आलेले, आवाज घशात अडकलेला, वाक्य कधीच पुरे होत नाही. हा अभिनय अतिरेकी आहे असा आक्षेप घेतला जातो. मला तो योग्य वाटतो. ज्याने तीस वर्षांत मनातले एक वाक्य उच्चारले नाही, त्याला ते सफाईने कोठून उच्चारता येणार?

मुलाचे चित्रण मात्र मला एकांगी वाटते. पत्नीच्या मृत्यूनंतर ज्याच्यासाठी पुन्हा लग्न केले नाही, तो मित्सुओ चित्रपटभर कृतघ्नच राहतो. पण ज्या बापाने घरात कधी तोंड उघडले नाही, त्याच्याशी मुलाने कोणत्या भाषेत बोलायचे? जागरणाच्या शेवटी मित्सुओला कळते की वडिलांनी मृत्यूच्या रात्री जिन्याच्या पायरीवर त्याच्यासाठी एक पुडके ठेवले होते. त्यात बचतीचे पुस्तक, शिक्का आणि निवृत्तीची रक्कम मागण्याचे रीतसर कागद होते. आजाराविषयी एक ओळ नाही. बापाला मुलाशी बोलण्याचा जो एकच मार्ग ठाऊक होता, तोच त्याने शेवटीही वापरला. दिग्दर्शकाने हा प्रसंग मुलाच्या अपराधाचा पुरावा म्हणून ठेवला आहे. मला तो बापाच्याही अपराधाचा पुरावा वाटतो.

हा प्रश्न यासुजिरो ओझू यांनी पुष्कळ आधी आणि अधिक न्यायबुद्धीने हाताळला होता. त्यांच्या १९३२ सालच्या मूक चित्रपटात दोन लहान मुले वडिलांच्या साहेबाच्या घरी हौशी चलच्चित्रे पाहायला जातात आणि पडद्यावर त्यांचे वडील साहेबाला हसविण्यासाठी वेडीवाकडी तोंडे करताना त्यांना दिसतात. घरी येऊन मुले जाब विचारतात, अन्नत्याग करतात. वडील रागावतात, मग खजील होतात, मग रात्री झोपलेल्या मुलांकडे पाहत बसतात. दुसऱ्या दिवशी रेल्वे फाटकाशी साहेबांची मोटार दिसते, तेव्हा मुलेच म्हणतात: बाबा, जा, नमस्कार करा. ज्या वयात मुलांनी हे शिकू नये त्या वयात ती ते शिकतात, आणि प्रेक्षकाला आपण हसत होतो याची शरम वाटते.

ओझू यांचा १९५६चा ‘सोशुन’, म्हणजे ‘वसंतारंभ’, या मासिकाच्या वाचकांनी मुद्दाम मिळवून पाहावा. कथा साधी, किंबहुना सामान्य. टोकियोच्या मारुनोउची भागातील एका विटांच्या कंपनीचा तरुण नोकर सुगियामा. पत्नीशी दुरावा, कचेरीतील मुलीशी लागलेले सूत, आणि शेवटी डोंगरातल्या मित्सुइशी गावी बदली. पण या चित्रपटाचे हृदय माझ्या मते दुसऱ्याच एका छोट्या प्रसंगात आहे. सुगियामाचा मिउरा नावाचा सहकारी दीर्घ आजाराने अंथरुणाला खिळला आहे. इतर सारे कचेरीला कंटाळलेले असताना हा एकटा तिच्यासाठी झुरतो. शाळेच्या सहलीत लहानपणी त्याने मारुनोउचीच्या इमारती पहिल्यांदा पाहिल्या आणि येथेच नोकरी करायची असे ठरविले. आजही त्याला गाडीतली गर्दी आणि सहकाऱ्यांचे चेहरे आठवतात. थोड्याच दिवसांनी तो जातो. पगाराच्या नोकरीवरही माणसाचे असे विशुद्ध प्रेम असू शकते, हे सांगण्याचे धैर्य मी दुसऱ्या कोणत्याही चित्रपटात पाहिलेले नाही. कुरोसावा यांनी असा माणूस हास्यास्पद केला असता. आणि बदलीविषयी म्हणाल, तर शेवटी पत्नी मित्सुइशीला येते. दोघे खिडकीतून जाणारी गाडी पाहतात आणि म्हणतात की हीत बसलो तर उद्या सकाळी टोकियोला पोहोचू. कुणी बसत नाही. दूरच्या ठाण्यावरून स्वतःच्या मुलखाकडे जाणारी गाडी ज्यांनी रोज पाहिली आहे, त्यांना याहून अधिक काही सांगायला नको.

असो. ‘इकिरू’विषयी माझा मुख्य आक्षेप वेगळा आहे आणि तो हिशेबाचा आहे. वातानाबे यांची सेवा तीस वर्षांची, म्हणजे ते १९२२च्या सुमारास नोकरीला लागले. निवेदक म्हणतो की एवढी वर्षे हा मनुष्य काहीही करीत नव्हता. पण त्या वर्षांत जपान काही करीत होता. मांचुरिया घेतला गेला, चीनशी युद्ध झाले, मग पॅसिफिकचे. नगरांच्या आणि गावांच्या कचेऱ्या या काळात नुसत्या जांभया देत नव्हत्या. सैन्यभरतीची लाल कागदाची आज्ञापत्रे घरोघर पोहोचत ती स्थानिक कचेरीतल्या कारकुनांच्या हातूनच. शिक्क्याखालून गेलेल्या त्या कागदांत काय लिहिले होते? चित्रपट याविषयी गप्प आहे. मुलगा सैनिकांच्या गाडीतून निघून जातो एवढे एक स्मृतिचित्र आहे. त्यात वातानाबे केवळ एक दुःखी बाप आहेत. निष्क्रिय कचेरी हे चित्र निंदेचे वाटते, पण खोलात पाहिले तर ते क्षमेचे आहे. काहीच केले नाही असे म्हटले म्हणजे काय केले याचा जाब द्यावा लागत नाही. १९५२ सालच्या प्रेक्षकाला ही सवलत हवीशी वाटली असेल. आज तो चित्रपट पाहताना ती मला खटकते.

मिकिओ नारूसे यांच्या १९५५च्या ‘उकिगुमो’त, फुमिको हायाशी यांच्या कादंबरीवरच्या ‘तरंगते ढग’मध्ये, हा जाब निदान ऐकू येतो. युद्धकाळात फ्रेंच इंडोचायनातील दालात येथे नेमणूक झालेला वनखात्याचा अधिकारी तोमिओका, आणि तेथेच टंकलेखिका म्हणून गेलेली युकिको. तिकडे उन्हातल्या टेकड्या, नोकरचाकर, टेबलावर मद्य. इकडे परत आल्यावर जळकी टोकियो आणि गळके छप्पर. दोघांचे प्रेम म्हणजे वस्तुतः हरवलेल्या हुद्द्याचे स्मरण आहे. हिदेको ताकामिने यांची युकिको हे जाणते, तोमिओका जाणत नाही. शेवटी त्याला पुन्हा सरकारी नोकरी मिळते ती याकुशिमा या दूरच्या बेटावर, आणि आजारी युकिको त्याच्या मागोमाग तेथे जाऊन मरते. नारूसे यांची सहानुभूती मोठी आहे. तथापि ज्यांच्या देशात हे सुख भोगले त्या लोकांना या चित्रपटातही तोंड नाही. ते तबक आणून ठेवतात आणि निघून जातात. मासाकी कोबायाशी यांनी १९५९ ते १९६१ या काळात तीन भागांत केलेल्या ‘मानवी अवस्थे’त मात्र ते तोंड प्रथमच ठळकपणे दिसते. मजुरांना माणुसकीने वागविल्यास उत्पादन वाढेल असे टिपण लिहिणारा काजी त्या टिपणामुळेच मांचुरियातील खाणीवर नेमला जातो. आणि तेथे विजेच्या तारांआड कोंडलेले चिनी युद्धकैदी त्याच्या टिपणाकडे ज्या नजरेने पाहतात, ती नजर कोबायाशी आपल्याला चुकवू देत नाहीत. सद्‌हेतूने लिहिलेला कागद छळाच्या यंत्रात कसा बसतो, हे इतक्या स्पष्टपणे क्वचितच कुणी दाखविले असेल.

मग अधिकाऱ्याने करावे तरी काय? मिझोगुची यांनी १९५४ साली ‘सान्शो दायू’मध्ये एक उत्तर दिले आहे, ते अकराव्या शतकाच्या वेषात असल्याने कुणाच्या ध्यानी येत नाही इतकेच. शेतकऱ्यांची बाजू घेतल्यामुळे पदच्युत झालेल्या सुभेदाराचा मुलगा झुशिओ गुलामगिरीत वाढतो, निसटतो, आणि नशिबाने त्याच प्रांताचा सुभेदार होतो. गुलाम ज्या वतनावर राबतात ते एका बड्या मंत्र्याचे खाजगी वतन. सुभेदाराचा तेथे अधिकार चालत नाही, असे त्याला आधीच बजावलेले असते. तो गुलामगिरीबंदीचा हुकूम काढतो, फलक लावतो, सान्शोला पकडतो, हद्दपार करतो आणि लगेच राजीनामा देतो. मूळ कथा ओगाई मोरी यांची, १९१५ सालची. ओगाई स्वतः सैन्याच्या वैद्यकीय खात्याचे सर्वोच्च अधिकारी होते आणि कथा प्रसिद्ध झाली तेव्हा सेवेत होते. त्यांच्या कथेत हुकूम निघतो, सान्शो गुलामांना मुक्त करून मजुरी देऊ लागतो, आणि त्याचा धंदा पूर्वीपेक्षा भरभराटीला येतो! मुरलेल्या अधिकाऱ्याचे हे उत्तर आहे: चांगला हुकूम अमलात येतो आणि कुणाचे नुकसान होत नाही. मिझोगुचींना ते पटले नाही. त्यांच्या पडद्यावर वतन जळते, मुक्त झालेले गुलाम नशेत नाचतात, आणि ज्याने हे केले तो अधिकाराची वस्त्रे उतरवून एकटाच आंधळ्या आईच्या शोधात सादो बेटाकडे निघतो.

झुशिओचा राजीनामा उदात्त आहे यात शंका नाही. परंतु त्याच्यापाशी अधिकार होता तो काही दिवस, आणि त्या काही दिवसांत त्याला एकच हुकूम काढायचा होता. वातानाबे यांना पाच महिने रोज त्याच टेबलांपुढे जायचे होते. आणि किमुराला तर अजून तीस वर्षे जायचे आहे. त्याला कर्करोग नाही. त्याला कुणी मुदत घालून दिलेली नाही. मरण समोर दिसल्याखेरीज माणूस जागा होत नाही असे जर कुरोसावा यांना म्हणायचे असेल, तर निरोगी माणसांसाठी त्यांच्या चित्रपटात काही नाही. आणि हा आक्षेप अनेकांनी घेतलाही आहे. पण चित्रपटाचे शेवटचे चित्र मरणाऱ्याचे नाही. कचेरी सुटल्यावर किमुरा घरी जाताना पुलावर थांबतो. खाली वातानाबे यांची बाग आहे, मुले झोपाळ्यांवर आहेत. संध्याकाळ झालेली असते. कुणीतरी मुलांना जेवायला हाक मारते. किमुरा थोडा वेळ पाहतो आणि चालू लागतो. उद्या सकाळी त्याला पुन्हा त्याच टेबलाशी बसायचे असते.